जगाचं पान गोव्यातून लिहा : मराठी दैनिकांच्या संपादकांना खुलं पत्र

प्रति,
गोव्यातून निघणाऱ्या सर्व मराठी दैनिकांचे संपादक

सप्रेम नमस्कार.

मी डिचोलीचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून गावच्या वाचनालयाचं काम बघतो. तुमची सगळ्यांची दैनिकं सकाळी आमच्या लांब टेबलावर येऊन पडतात आणि लोक ती कशी वाचतात हे मला बसल्या जागेवरून दिसतं. आधी निधनवार्ता. मग तालुक्याचं पान, मग क्रिकेट नाहीतर फुटबॉल. देश-विदेशाचं पान बहुतेक दिवशी घडीसुद्धा न मोडता परत रॅकवर जातं.

यावरून आमच्या वाचकांना जगाशी देणंघेणं नाही असं तुम्ही समजत असाल, तर एकदा येऊन त्या टेबलावर कोण बसतं ते बघा. एकाचा मुलगा क्रूझवर वेटर आहे. दुसऱ्याची मुलगी-जावई इंग्लंडमध्ये स्विंडनला. तिसऱ्याने उमेदीची सगळी वर्षं कुवेतमध्ये काढली. आमच्याकडे लोखंडाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रक चालवणारा माणूससुद्धा चीनमध्ये पोलादाला उठाव आहे का हे विचारायचा, कारण त्यावर त्याच्या फेऱ्या ठरायच्या. २०१२ साली खाणी थांबल्या, सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, आणि आमच्या तालुक्यातली बरीच पोरं बोटींकडे वळली. एरवी बोटीवर जाणं म्हणजे किनाऱ्यावरच्या सासष्टी-बार्देशचं काम असं आम्ही मानायचो. आता डिचोली-सत्तरीतही घराघरांत सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या ओळखीची, पुस्तिका असते. या लोकांना जग रोज लागतं. ते तुमच्या पानावर मिळत नाही म्हणून ते फोनवर घेतात, आणि फोनवर काय मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

माझी मागणी एकच आहे. हे पान गोव्यात बसून, गोव्यातल्या माणसांना विचारून लिहा.

तांबड्या समुद्राचंच घ्या. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हूथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पळवलं. त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. नंतर दीड-दोन महिने तुमच्या पानांवर अमेरिका काय म्हणाली, इराण काय म्हणाला, तेलाचा भाव कुठे गेला, हे येत राहिलं. त्या जहाजावर २५ माणसं होती. फिलिपिन्सची, बल्गेरियाची, युक्रेनची, रुमानियाची, मेक्सिकोची. ती सुटली जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे चौदा महिन्यांनी. सुटल्याची बातमी मी तुमच्यापैकी एकाच्या पानावर पाहिली, तळाला, चार ओळींची.

त्याच काळात माझा पुतण्या एका टँकरवर थर्ड इंजिनिअर होता. जहाजं दाखवणारं अॅप वहिनीने फोनवर घेतलं होतं आणि ती स्वयंपाक करतानाही तो फोन ओट्यावर उभा करून ठेवायची. एके दिवशी एडनच्या अलीकडे ठिपका थांबला. दुपारी तिथेच, संध्याकाळी तिथेच. “हांगाच रावल्या बोट. फुडें वचना,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. दिवा लावायचंही तिला भान राहिलं नाही. बोट काही थांबली नव्हती. हूथींना सुगावा लागू नये म्हणून त्या पट्ट्यात अनेक जहाजं आपली ओळख सांगणारी यंत्रणा, म्हणजे एआयएस, बंद ठेवत होती, आणि मग अॅपवर शेवटची जागा तशीच गोठून दिसते. काही जहाजं तर ‘पुढचं बंदर’ लिहायच्या रकान्यात बंदराऐवजी ‘सगळे कर्मचारी चिनी’ असं लिहून निघत होती, म्हणजे चिनी जहाज समजून तरी हूथी सोडून देतील. वास्कोतल्या कुठल्याही रजेवर आलेल्या अधिकाऱ्याला फोन केला असता तर त्याने हे पाच मिनिटांत सांगितलं असतं. दहा ओळींची चौकट झाली असती. गोव्यात किती घरांत त्या रात्री लोक जेवले असते, याचा हिशेब तुम्हीच करा.

दुसरी गोष्ट याहून कामाची. जहाजमालक आणि खलाशांच्या संघटना यांचा एक आंतरराष्ट्रीय मंच आहे. त्याने त्या काळात तांबड्या समुद्राचा दक्षिण भाग आणि एडनचं आखात धोक्याचं क्षेत्र म्हणून जाहीर केलं. या मंचाचा करार ज्या जहाजांना लागू आहे, त्यांवरच्या खलाशाला तिकडे जायला नकार देता येतो, आणि त्याला घरी पाठवायचा खर्च कंपनीचा. गेला तर त्या दिवसांचा मूळ पगाराएवढा जादा भत्ता. जीव गेला किंवा अपंगत्व आलं तर भरपाई दुप्पट. ही माहिती आमच्या पुतण्याला जहाजावर कळली, वहिनीला त्याने सांगितली, वहिनीने मला. वर्तमानपत्राने आम्हाला सांगायची गोष्ट आम्ही वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना सांगत फिरलो.

६ मार्च २०२४ रोजी ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं आणि तीन खलाशी मेले, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. हूथींच्या हल्ल्यांत व्यापारी जहाजावरची माणसं मरण्याची ती पहिली वेळ. आपल्या ‘आयएनएस कोलकाता’ने २१ जणांना उचललं. मथळा नौदलाचा होता आणि तो असायलाच हवा, नौदलाने मोठं काम केलं. पण मेलेले तिघे शेवटच्या वाक्यात होते. बोटीवर फिलिपिनो आणि गोंयकार एकाच मेसमध्ये जेवतात, एकाच केबिनमध्ये झोपतात. आमच्याकडच्या घरांत त्या तिघांची बातमी परक्यांची म्हणून वाचली गेली नसती.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या अपघाताबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझं म्हणणं त्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. २६ मार्च २०२४ च्या पहाटे ‘डाली’ नावाचं कंटेनर जहाज कोलंबोला जायला निघालं, बंदरातून बाहेर पडतानाच वीज गेली, आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. पूल पत्त्याच्या बंगल्यासारखा पडला. जहाजावर २१ खलाशी, त्यातले २० भारतीय आणि एक श्रीलंकेचा. जहाजाने धोक्याचा संदेश दिला म्हणून पोलिसांना पुलावरची वाहतूक अडवता आली. दुसऱ्या दिवशी तुम्ही हे सगळं छापलंत. अमेरिकेच्या अध्यक्षांनी कौतुक केलं तेही छापलंत. तिसऱ्या दिवशी मथळा होता सर्व भारतीय सुखरूप असल्याचा, आणि तिथे आपल्या पानांपुरता विषय संपला.

तिकडे जहाजावर विषय सुरू झाला होता. ती माणसं जहाजावरून उतरू शकत नव्हती. व्हिसा नाही, चौकशी चालू, आणि जहाज ताब्यात द्यायला बदली माणूस नाही. जहाजाच्या नाकावर पुलाचं हजारो टन लोखंड तसंच पडलेलं. एफबीआयने चौकशीसाठी त्यांचे फोन काढून घेतले. ज्या फोनवर बायकोचा नंबर, बँकेचं खातं, मुलांचे फोटो, तोच गेला. तिथल्या खलाशांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी दुसरे फोन आणि सिमकार्डं पोचवली. १३ मे रोजी ते लोखंड स्फोट करून पाडलं, तेव्हाही ही माणसं जहाजावरच होती. २० मे रोजी जहाज हललं. त्यानंतरही काही जण महिनोन्‌महिने अडकून राहिले. दरम्यान इंटरनेटवर एक व्यंगचित्र फिरत होतं, त्यात जहाज चालवणारे लंगोटीतले, बोंबलणारे भारतीय दाखवले होते. याला उत्तर देण्याचा खरा अधिकार गोव्यातल्या माणसांचा होता, आणि आपल्याकडे एक अग्रलेख आला नाही.

सुखरूप नव्हते ते पुलावरचे. तिथे आठ जण होते, त्यांतले सहा मेले. ते रात्रपाळीला पुलावरचे खड्डे बुजवत होते. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर अशा देशांतून पोटासाठी आलेली माणसं. सहावा मृतदेह सापडायला सहा आठवडे लागले. अंधारात खाली जहाजावर परगावी राबणारे आमचे, वर पुलावर परगावी राबणारे त्यांचे. सबंध गोवा ज्या गोष्टीवर जगतो ती गोष्ट त्या एका पहाटेत होती. आपल्या पानावर मात्र एक दिवसाचा फोटो आणि नुकसानीचा डॉलरमधला आकडा.

आणि या प्रकरणाचा शेवट तर कोणी दिलाच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने निष्कर्ष काढला की वीज गेली ती एका सैल वायरमुळे. वायरवर तिचा क्रमांक लिहिलेली पट्टी अशी बसवली होती की टोक खाचेत पुरतं आत गेलंच नाही. एवढ्यावरून पूल गेला, सहा जीव गेले. मी हे इंग्रजी पेपरात वाचलं आणि वाचनालयात रजेवर आलेल्या एका इलेक्ट्रिकल ऑफिसरला दाखवलं. तो खिशातलं पेन काढून टेबलावर आकृती काढायला लागला. खाच अशी, स्प्रिंग अशी, पट्टी जरा पुढे सरकली तर पकड वरवरची बसते, आणि रोजच्या थरथरीत ती वायर कधी निसटेल सांगता येत नाही. टेबलाभोवती लोक उभे राहिले. निधनवार्ता वाचणारेसुद्धा. ती बातमी त्या दिवशी तुमच्या पानावर असती आणि शेजारी त्या पोराची आकृती असती, तर अंक पुरले नसते.

भारतीय सुखरूप पोचले की बातमीला पूर्णविराम, ही सवय सुदानच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त खटकली. एप्रिल २०२३ मध्ये तिथे लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. ‘ऑपरेशन कावेरी’तून साडेतीन हजारांहून अधिक भारतीय परत आले. आठवडाभर आपल्या पानांवर सुदान होता. मग आपली माणसं आली आणि सुदान गेला. त्यानंतर त्या देशात एक कोटीहून अधिक लोक घरदार सोडून पळाले, दारफुरमध्ये दुष्काळ पडला, आणि आपल्याकडे त्याची चौकटसुद्धा नाही. मी असं म्हणत नाही की रोज द्या. पण १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळलं तेव्हा गोव्यातली माणसं वाळवंटातून अम्मानला पोचली आणि एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला आली. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय तसे आणले गेले. ज्या घरांनी ते पाहिलं त्यांना सुदानच्या राजधानीतून, खार्टूमहून पळणारी बाई समजावून सांगावी लागत नाही. तुम्ही फक्त तिला पानावर आणा.

आता अशी एक गोष्ट, जी कुठल्याच युद्धात मोडत नाही म्हणून एजन्सीच्या तारांत क्वचित येते. मालक बुडाला, किंवा बुडाल्याचं सोंग केलं, की जहाज कुठल्यातरी बंदरात सोडून देतो. खलाशांना पगार नाही, डिझेल नाही, कधी पाणीही नाही. इजिप्तमध्ये एक सीरियन अधिकारी असा जवळजवळ चार वर्षं अडकला. २०१७ साली जहाज अटकवलं गेलं, कॅप्टन किनाऱ्यावर होता, म्हणून कोर्टाने याला जहाजाचा कायदेशीर राखणदार ठरवलं आणि पासपोर्ट ठेवून घेतला. हळूहळू बाकीचे गेले आणि तो एकटा उरला. त्याच्या मागे त्याची आई वारली. वीज नसलेल्या जहाजावर रात्री काळोख. २०२० साली वादळाने जहाज किनाऱ्याजवळ ढकललं, तेव्हा तो पोहत जाऊन खायला आणायचा आणि फोन चार्ज करून परत यायचा. त्याचा भाऊही खलाशी, तो एकदा सुएझमधून जाताना जवळून गेला. दोघं फोनवर बोलले, भेट नाही. एप्रिल २०२१ मध्ये तो सुटला. त्याच्या आदल्याच महिन्यात ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज त्याच सुएझ कालव्यात रुतलं होतं आणि जगभर विनोद चालले होते. त्या जहाजावरचे २५ जण सगळे भारतीय, वाळूतून निघाल्यावरही भरपाईच्या भांडणापायी जुलैपर्यंत तिथल्या तळ्यात नांगरून बसले. त्याचा विनोद कोणी केला नाही, कारण कोणाला ते कळलंच नाही.

२०२४ साली अशी ३१२ जहाजं आणि ३,१३३ खलाशी वाऱ्यावर सोडले गेल्याची नोंद आयटीएफने, म्हणजे वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने केली, आणि त्यांत सर्वांत जास्त होते भारतीय. म्हणजे ही बातमी आमच्या दारातली. वाचकाला यात हवं काय, तर दोन महिने पगार थकला की कायद्याने तो खलाशी ‘सोडून दिलेला’ मानला जातो. चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतायचा खर्च यासाठी जहाजाचा विमा असावा लागतो, आणि त्या विम्याचा दाखला जहाजावर दिसेल अशा जागी लावावा लागतो. जहाजावर चढलेल्या पोराने पहिल्या दिवशी तो दाखला शोधून फोटो काढावा. भरती करणाऱ्या एजंटकडे खलाशी भरतीचा सरकारी परवाना, म्हणजे आरपीएसएल, आहे की नाही हे केंद्राच्या नौवहन खात्याच्या, म्हणजे डीजी शिपिंगच्या यादीत बघावं, मगच कागद हातात द्यावेत. हे तुम्ही वर्षातून दोनदा जरी छापलंत तरी आमच्याकडची एखाद-दोन घरं कर्जातून वाचतील.

किनाऱ्यावरच्या लोकांचं वेगळं सांगायला नको. २३ सप्टेंबर २०१९ ला इंग्लंडमधली थॉमस कुक ही पर्यटन कंपनी बुडाली आणि हंगाम तोंडावर असताना आपल्याकडची चार्टर विमानं गेली. मार्च २०२२ मध्ये रशियन पर्यटकांची बँक कार्डं रशियाबाहेर बंद पडली तेव्हा मोरजीत खोल्यांचं भाडं कसं द्यायचं हा प्रश्न उभा राहिला. ब्रेक्झिटचं तर काय सांगू. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्या गोंयकारांसाठी ३० जून २०२१ ही तारीख ब्रिटनच्या सगळ्या पंतप्रधानांपेक्षा महत्त्वाची होती, कारण तिथे राहण्याचा अर्ज त्या दिवसापर्यंत करायचा होता. आपल्या पानांवर पंतप्रधानांचे फोटो आले. पोर्तुगालच्या राजकारणातही आपल्याला मडगावच्या मुळांचे आंतोनियो कोश्ता तेवढे दिसतात. ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष झाले याचा मलाही आनंद आहे, पण नागरिकत्वाच्या नियमांत लिस्बन काय बदल करतं आहे, हे म्हापशाच्या माणसाला त्याहून आधी कळायला हवं.

तुमची अडचण मला माहीत नाही असं नाही. रात्री अकराला एक उपसंपादक दोन पानं लावतो, पीटीआय वृत्तसंस्थेच्या ढिगातून जे समोर येईल ते उचलतो, आणि पावणेबाराला जाहिरात आली की त्यातलंही अर्धं कापतो. लंडनला बातमीदार ठेवा असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे त्याहून चांगली गोष्ट आहे आणि ती फुकट आहे. जगातल्या कुठल्याही बंदरात, कुठल्याही आखाती शहरात काही घडलं, तर ते पाहिलेला नाहीतर तिथे राहिलेला माणूस गोव्यात एका फोनवर सापडतो. तालुका प्रतिनिधीला तो ठाऊक असतो. तुम्ही त्याला जत्रा आणि ग्रामसभेपलीकडे विचारत नाही, एवढंच.

एक सावधगिरी मात्र हवी. याचं रूपांतर ‘मृतांत गोमंतकीय आहे का’ या शोधात करू नका. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगफला इमारत जळून चाळीसहून जास्त भारतीय गेले, तेव्हा काही वाहिन्यांनी केरळमधल्या घरांच्या पडवीत जे कॅमेरे लावले, ते आम्ही टीव्हीवर पाहिलं आणि पोटात कालवलं. घरच्यांचे फोटो नकोत, पुतण्याचं जहाज कोणतं तेही नको. चारचौघांत फिरणाऱ्या व्हॉट्सअॅपवरच्या क्लिपा तपासून ‘ही जुनी आहे’ एवढं सांगितलंत तरी ती मोठी सेवा होईल.

सुरुवात आठवड्यातून एका कॉलमने करा. नाव काहीही द्या. बातमी जगाची, आणि समजावून सांगणारा माणूस इथला. माणसं जमवायचं काम आम्ही करतो. चतुर्थीला बरेच जण साइन ऑफ घेऊन, म्हणजे जहाजावरचं कंत्राट संपवून, घरी येतात आणि त्यानंतरचे काही आठवडे इथेच असतात. आमच्या वाचनालयाचा मागचा हॉल रविवारी सकाळी मोकळा असतो. ज्याने टेबलावर वायरची आकृती काढली तो यायला तयार आहे, कुवेतवाले काका तयार आहेत, आणि वहिनीचंही एक-दोन प्रश्न विचारायचे आहेत असं म्हणणं आहे. तुमच्यापैकी ज्याला बातमीदार पाठवायचा असेल त्याने आदल्या दिवशी कळवावं, म्हणजे पातळभाजी-पावाची सोय करता येईल.

आपला,
डिचोलीचा एक वाचक